फोटो ताईचा, चेहरा ठकीचा

ताईने तो फलक पाहिला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तिच्या काखेत एका लग्नाचा जाडजूड अल्बम होता. बसथांब्याच्या काचेमागे, पुरुषभर उंचीचा, तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा चेहरा होता. केस सुटलेले, नजर खाली, गालावरून हनुवटीपर्यंत आलेला ओघळ. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: ‘मी माझ्या बाळाला मारायचे. एक दिवस हात थांबला. मी फोन केला.’ त्याच्याखाली कुठल्याशा मदतकेंद्राचा नंबर.

आधी तिच्या मनात एवढंच आलं की, अगंबाई, ठकी इथे काय करतेय! डोकं एकेकदा असं अडून बसतं. मग तिने ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना काखेतला अल्बम निसटून फरशीवर आपटला.

शेजारच्या गृहस्थांनी तो उचलून दिला. तिची नजर कुठे खिळलीय ते पाहून म्हणाले, “ऐकवत नाही ना? पण असतात हो अशा बायका. चेहऱ्यावरूनच ओळखू येतात.”

ताईला त्यांच्या एक मुस्कटात ठेवून द्यावीशी वाटली. हात मात्र उचलला गेला नाही. कारण त्या चेहऱ्यावरचा निम्मा अंधार तिनेच पाडला होता. खिडकीचा पडदा अर्धा ओढून घेतला होता, एक पाऊल मागे सरली होती, श्वास रोखून धरला होता. फोटो तिचाच होता. फलकाच्या अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘छायाचित्र’ असा शब्द होता आणि त्यापुढे तिचं नाव. आडनावासकट. नेहमी सगळे चुकवतात ती वेलांटीसुद्धा बरोबर दिलेली.

तिने ठकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. अल्बम पोहोचवायचा राहिला, बस समोरून निघून गेली, आणि ताई ठकी शिकवायची त्या बालवाडीच्या दिशेने अक्षरशः पळत सुटली. पन्नाशीला टेकलेली, गुडघे दुखणारी बाई, काखेत दुसऱ्याच्या लग्नाचं ओझं.

ताईचा धंदा फोटोचा. पासपोर्टचे फोटो, लग्नं, शाळांचे वर्गवार फोटो. स्टुडिओ खरा मास्तरांचा. मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले नव्हेत. तिला कॅमेरा धरायला त्यांनी शिकवलं म्हणून मास्तर. आता दोघं भागीदार होते आणि त्यांचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. मास्तर आपला एक फोटो इंटरनेटवर टाकायचा म्हटलं तरी त्याच्यावर आपलं नाव असं आडवंतिडवं छापायचे की नवरदेव दिसायचाच नाही. दर शनिवारी ते संगणकापुढे बसून कुणी आपलं काही ढापलंय का याची तपासणी करायचे. त्यांचं कुणी काही ढापलेलं नसायचं, आणि त्यांना त्याचंही थोडं वाईट वाटायचं.

ताईचं सगळं उलट. लग्नाचे फोटो पोटासाठी. पण सुट्टीच्या दिवशी ती स्वतःसाठी हिंडायची. शिंपी, न्हावी, इस्त्रीवाल्या, पुलाखाली भंगार तोलणाऱ्या बायका, जुने जिने, गंजलेली कुलपं. ते सगळे फोटो तिने एका वेबसाइटवर ठेवले होते. फोटो चढवताना ती वेबसाइट विचारायची: हा फोटो इतरांना वापरू द्यायचा का? ताईने पहिल्याच दिवशी जो पर्याय निवडला तो कायमचा. कुणीही वापरावा, कुठेही वापरावा, हवा तसा बदलावा, फक्त नाव द्यावं. “आपण वारा थोडाच कोंडून ठेवतो?” असं ती मास्तरांना म्हणायची. एका खेड्यातल्या शिक्षकाने तिच्या कुलपांच्या फोटोंवरून मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक केलं आणि तिला पाठवलं, तेव्हा तर तिने ते महिनाभर मास्तरांच्या नाकासमोर ठेवलं होतं.

ठकीचा फोटो त्यातलाच एक. चार वर्षांपूर्वीचा.

ठकीचं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर नऊ दिवस ती रडली नाही. जेवली, अंघोळ केली, आलेल्यागेलेल्याशी बोलली. दहाव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी चहाचा कप विसळताना तिचे डोळे वाहायला लागले ते थांबेचनात. ताई तिथेच होती, आणि कॅमेरा नेहमीसारखा गळ्यात. तिने तो पाठीमागे सारला. तेव्हा ठकीच म्हणाली, “काढ. मी रडले होते हे कुणालातरी ठाऊक असू दे.”

पुढे कधीतरी ताईने तिला फोनवर विचारलं होतं, “तो तुझा फोटो टाकू का गं वेबसाइटवर?” मागे तीस पोरांचा गलका चालला होता. ठकी म्हणाली होती, “टाक की, मला काय विचारतेस,” आणि लगेच कुणाला तरी ओरडली होती, “अरे, बूट तोंडात नाही घालायचा!” ताई मनातल्या मनात या होकाराला घट्ट धरून पळत होती. ठकी हो म्हणाली होती. मी विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.

बालवाडीच्या फाटकाशी ठकी तिला समोरच भेटली. खांद्याला पिशवी, पायात चपला. सुटायला अजून दोन तास होते.

“पाहिलंस ना?” ठकी म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

“ठके, मला काही कल्पना नव्हती गं. आत्ता बसथांब्यावर...”

“मला हजेरी घेताना कळलं. ते सगळ्यात छोटं पोरगं आहे ना, ते म्हणालं, बाई, तुम्ही बसस्टॉपवर का रडता? मी हसले. म्हटलं, मी कुठे रडते रे, हे बघ दात. मग अर्ध्या तासाने त्याची आई आली. फोनमध्ये फोटो काढून आणला होता तिने. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला.” ठकी थांबली. “त्या म्हणाल्या, मला माहिताय तू तशी नाहीस, पण चार दिवस घरी राहा. त्यांचंही बरोबर आहे. पोरांना हात लावायचं काम आहे माझं.”

“अगं, पण तुला तर मूलच...” ताईने जीभ चावली.

“हो. तेही सांगितलं मी. ती आई म्हणाली, मग फोटो आला कुठून?”

दोघी फाटकाशी उभ्या होत्या. आतून पोरांचं गाणं ऐकू येत होतं, एका सुरात नसलेलं. फाटकापाशी आलेल्या एका बाईने ठकीकडे बघितलं आणि आपल्या मुलीचा हात दुसऱ्या हातात घेतला, म्हणजे मुलगी पलीकडच्या बाजूला जाईल असा. एवढंच.

“तू त्यांना विकलास?” ठकीने विचारलं.

“विकला नाही गं! शपथ. फुकट आहे तो. कुणालाही.”

“फुकट,” ठकी म्हणाली. आणि हसली. ते हसणं ताईने यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. “मला वाटलं, निदान विकला तरी असशील.”

आणि ती निघून गेली. ताई मागे गेली नाही.

तो फलक लावणारी संस्था गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. तिथल्या अधिकारी बाई अदबीने वागल्या, आणि त्याचाच ताईला जास्त त्रास झाला. कुणी उर्मट भेटलं असतं तर भांडता आलं असतं. बाईंनी फाइल काढली. वेबसाइटच्या पानाची छापील प्रत त्यात लावलेली होती, तारखेसकट. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे तुम्हीच लिहिलंय ना? कुणीही, कुठेही, बदल करून. आम्ही नाव दिलंय. दोनदा तपासलं, तुमच्या नावात चूक व्हायला नको म्हणून.”

“अहो, पण ती माझी बहीण आहे!”

“ते तिथे लिहिलेलं नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “तिथे नुसतं लिहिलंय, ‘स्वयंपाकघर, सकाळ’. आम्हाला वाटलं, मॉडेल असेल. पैसे देऊन रडायला बसवलेली. असतात तशी. तुम्ही तिच्याकडून लेखी घेतलं असणार, असं आम्ही धरून चाललो.”

“आणि मी धरून चालले की कुणी असलं काही करणार नाही.”

बाईंनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, “एक सांगू? राग येईल तुम्हाला. हा फलक लागल्यापासून आम्हाला रोज फोन येताहेत. खरे फोन. परवा एकीने सांगितलं, त्या बाईचा चेहरा पाहिला आणि वाटलं, हिला कळेल.”

खिडकीबाहेर कुणीतरी गच्चीवर चादरी वाळत घालत होतं. “तिचं बाळ गेलं होतं,” ताई म्हणाली. “पोटात. हा त्यानंतरच्या दहाव्या दिवसाचा फोटो आहे. ती ज्या बाळासाठी रडतेय ना, त्यालाच तिने मारलं असं तुम्ही लिहिलंय.”

फाइलवरचा बाईंचा हात चटका बसल्यासारखा उचलला गेला.

“कायद्याने आमच्यावर काही बंधन नाही,” अखेर त्या म्हणाल्या, आणि स्वतःलाच ते कसंसं वाटल्यासारखं त्यांनी घाईने पुढे जोडलं, “पण मी काढते ते. सगळे. साठ ठिकाणी आहेत. चार-पाच दिवस लागतील.”

जिन्यातून उतरताना ताईने कठडा घट्ट धरला होता. साठ ठिकाणी.

मास्तरांनी ‘मी सांगत नव्हतो?’ असं म्हटलं नाही. ताईला तेच हवं होतं, म्हणजे त्यांच्यावर ओरडता आलं असतं. पण त्यांनी फक्त खुर्ची ओढून दिली, स्टुडिओचं दार लोटून ‘बंद’ची पाटी फिरवली आणि स्वतः संगणकापुढे बसले.

“काय करताय?”

“माझी शनिवारची तपासणी. तुझ्या फोटोची.” त्यांनी ठकीचा फोटो शोधायला टाकला. मूळ फोटो दिला की तसाच दुसरीकडे कुठे आहे ते दाखवणारी सोय असते. मास्तर त्यात पटाईत होते. “एकदा काय ते बघून घेऊ. अजून एकदोन ठिकाणी असला तर आजच...”

बोलता बोलता ते थांबले. पडद्यावर ठकी उतरत होती. एकामागून एक, रांगेने, लहान-मोठी. एकीत काळीपांढरी, एकीत निळसर केलेली, एकीत उलटी फिरवून डाव्या गालाचा ओघळ उजव्या गालावर आणलेली. विम्याच्या जाहिरातीत ती विधवा होती. डोकेदुखीच्या गोळीच्या पानावर अर्धशिशीची रोगी होती. एका रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर तिच्या हातात कुणीतरी चाकू चिकटवला होता. फसव्या नवऱ्याला कसं ओळखावं, दारू कशी सोडावी, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं. आणि एका चित्रात तिच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘सुट्टी संपते तेव्हा मी.’ ते हजारोंनी पुढे पाठवलेलं होतं.

“एकेचाळीस,” मास्तर म्हणाले. ते मोजायला नको होतं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाचच पुसत राहिले. “नाव सगळ्यांनी दिलंय बघ. जवळजवळ सगळ्यांनी.”

चार वर्षं. चार वर्षं ठकी चाकू धरून, गोळ्या खात, दारू सोडत जगभर हिंडत होती, आणि ताईला वाटत होतं की तो फोटो स्वयंपाकघरातच आहे.

तेवढ्यात दार वाजलं. ठकीचा नवरा होता. कामावरून थेट आला होता. ठकीने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. “ती खोलीचं दार लावून बसलीय,” तो आत येत म्हणाला, “ताई, तुम्ही जरा येता का...” आणि त्याची नजर पडद्यावर गेली. त्याने काही विचारलं नाही. आश्चर्यही दाखवलं नाही. तो नुसता त्या सुट्टीच्या चित्राकडे बघत राहिला.

“हे मी पाहिलंय,” तो म्हणाला.

“कधी?” ताईने विचारलं.

“आठ महिने झाले. ऑफिसच्या ग्रुपवर आलं होतं.” तो स्टुलावर बसला. त्याच्यामागे पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा होता, त्यामुळे तोही फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा दिसत होता. “त्यांच्यातलं कुणी तिला ओळखत नाही. सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. मी काही टाकलं नाही तर कुणीतरी विचारेल, असं वाटलं. म्हणून मीही टाकला.”

“काय टाकलास?” मास्तरांना नीट ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं.

“हसणारा चेहरा,” तो म्हणाला. “ते माझंही बाळ होतं, मास्तर.”

मास्तरांनी उठून पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. त्याने तो प्यायला नाही, तसाच धरून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी आपण होऊन स्टुडिओत आली. नवऱ्याने तिला रात्रीच सगळं सांगून टाकलं होतं. त्याच्या हसणाऱ्या चेहऱ्यासकट. त्यावर ती त्याला काय म्हणाली हे ताईला कधीच कळलं नाही. तो बाहेर गाडीत बसून राहिला होता एवढं खरं.

“दाखवा,” ठकी मास्तरांना म्हणाली. ताईकडे तिने पाहिलं नाही.

“कशाला पोरी, उगाच...”

“माझा चेहरा आहे. सगळ्या जगाने पाहिलाय. मीच बघायचा राहिलाय.”

मग तिने एकेचाळीस चित्रं पाहिली. पोरांच्या वह्या तपासाव्यात तशी, एकेक, न घाई करता. चाकूचं आलं तेव्हा म्हणाली, “हात माझा नाही हा. माझी बोटं एवढी चांगली नाहीत.” कांद्याचं आलं तेव्हा तिच्या तोंडून हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू, आणि कुठलं कुठे संपलं ते कळलं नाही. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला.

छत्तिसावं की सदतिसावं चित्र एका परक्या भाषेतलं होतं. साधा घडीचा कागद, मध्यभागी ठकी, न कापलेली, न रंगवलेली. खिडकी, पडदा, हातातला कप, सगळं जागच्या जागी. खाली दोनच ओळी. मास्तरांनी त्या भाषांतराला टाकल्या. पडद्यावर मोडकंतोडकं मराठी उमटलं: ‘जन्माआधी गेलेल्या बाळाचे दुःख हे दुःखच असते. कोणी घाई करू नका, तिला रडू द्या.’ कुठल्यातरी दूरदेशीच्या सुइणींनी तो कागद काढला होता, घरी परतणाऱ्या आयांच्या हातात द्यायला.

ठकीने खुर्ची पुढे ओढली. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.

“यांना कुणी सांगितलं?” तिने विचारलं. “तू कुठे लिहिलं होतंस?”

“कुठेच नाही,” ताई म्हणाली. “नुसतं ‘स्वयंपाकघर, सकाळ’.”

“मग कसं कळलं त्यांना?”

“माहीत नाही गं.”

ठकी कितीतरी वेळ ते पाहत राहिली. “हिने नीट पाहिलं,” ती शेवटी म्हणाली. “जिने कुणी केलंय तिने.”

ताईने आदल्या दिवसापासून ठरवून टाकलं होतं. तिने मास्तरांना सांगितलं, “सगळं बंद करते. चारशे बारा फोटो आहेत, एकूण एक काढते. नाहीतर तुमच्यासारखं नाव छापते, आडवंतिडवं.”

मास्तरांनी आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, “माझे फोटो अगदी सुरक्षित आहेत. चाळीस वर्षांत त्यांना कुणी धक्का लावला नाही.” त्यांनी घसा साफ केला. “पाहिलेही नाहीत कुणी.”

“मग काय करू? तुम्हीच सांगा!”

“मला विचारू नकोस. तिला विचार.”

ठकी पडद्याकडेच बघत होती. “माझा काढ,” ती म्हणाली. “आजच. ज्यांनी नेला ते परत देणार नाहीत ते कळतंय मला. पण पुढे कुणाला नको.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुझी कुलपं राहू देत. कुलपांना कुणी शाळेतून घरी पाठवत नाही.”

“आणि माणसं?”

“त्यांना विचार. माझ्यासारखं नाही, फोनवर उभ्या उभ्या. नीट विचार. काय काय होऊ शकतं ते सांगून.” आता पहिल्यांदा तिने बहिणीकडे सरळ पाहिलं. “ताई, मी तेव्हा हो म्हटलं होतं. ते मी नाकारत नाही. पण कशाला हो म्हणतेय, हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. फोटो तुझा होता गं. चेहरा माझा होता.”

काल सकाळपासून दाबून धरलेला तो होकार ताईच्या हातातून सुटला, आणि मग ती रडली. ठकीने तिला उगी केलं नाही. पण उठून गेलीही नाही.

फलक पाचव्या दिवसापर्यंत उतरले. अधिकारी बाईंनी शब्द पाळला. काही ठिकाणी नुसता पांढरा कागद डकवला गेला, आणि एका थांब्यावर तो अर्धा सुटून ठकीचं कपाळ आणखी दोन दिवस दिसत राहिलं. मुख्याध्यापिकांनी पालकांची बैठक बोलावली. ठकी त्यात बोलली. काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही, पण फोनमध्ये फोटो घेऊन आलेली ती आई दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभी राहिली आणि काही न बोलताच परत गेली. दोन मुलांना पालकांनी तरीही काढून नेलं. चार दिवसांची रजा बारा दिवसांची झाली.

त्या बारा दिवसांतले सात दिवस ठकी स्टुडिओत फोनपाशी बसली. चारशे बारा फोटोंपैकी एकशे एकाहत्तर फोटोंत ओळखू येणारी माणसं होती. ताईने जुन्या वह्या उकरून, दुकानं पालथी घालून, निम्म्याहून अधिक जणांचे नंबर मिळवले. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचे फोटो तिने आधीच उतरवले. त्यांत तिचे सगळ्यात चांगले सातआठ होते. बाकीच्यांना फोन करायचं काम ठकीने आपणहून घेतलं. “तुला जमायचं नाही,” ती म्हणाली. “तू लगेच समजावायला लागशील.”

न्हावी म्हणाला, “राहू द्या हो! माझा भाचा परदेशात आहे, त्याने मला तिकडे ब्लेडच्या पुड्यावर पाहिला. मी इथे फ्रेम करून लावलाय.” ठकीने त्याला आपली गोष्ट सांगितली. उद्या तुमच्या हातातल्या वस्तऱ्याखाली कुणी काहीही लिहू शकेल, म्हणाली. “मग दोन दिवसांनी सांगतो,” न्हावी म्हणाला. दोन दिवसांनी त्याने नको सांगितलं, पण पुड्याची फ्रेम काढणार नाही हेही सांगितलं. शिंप्याचा मुलगा म्हणाला, वडील जाऊन वर्ष झालं, त्यांच्या वतीने मी काय सांगू? एका विणकर आजीने हो म्हटलं. मी म्हातारी, मला काय कोण चिकटवतं, असं म्हणून वर खूप हसली. ठकी प्रत्येकाला तीच तीन वाक्यं सांगायची, बालवाडीच्या आवाजात, सावकाश, आणि मग थांबायची. त्या थांबण्यात ताईचा जीव टांगणीला लागायचा.

सहाव्या दिवशी दुपारी पुलाखाली भंगार तोलणाऱ्या एका बाईचा नंबर लागला. सात वर्षांपूर्वीचा फोटो. खांद्यावर लोखंडी पट्टी, तोंडभर हसू, एक डोळा उन्हाने मिटलेला. ठकीने तिला सगळं सांगितलं. पलीकडे वजनकाट्यावर काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. मग बाईचा.

“कुणी कुणी पाहिला असंल तो?”

“सांगता येत नाही,” ठकी म्हणाली.

“माझ्या सासरच्यांनी?”

“तेही सांगता येत नाही.”

“मी तेव्हा तिथून पळून आले होते. हे गाव त्यांना ठाऊक नाही.” बाईचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. त्या फोटोत मागे पुलावरची पाटी होती. जागेच्या नावासकट. ताईने मुद्दाम चौकटीत घेतली होती, रंग छान म्हणून. “काढून टाका. आत्ता. मी फोन ठेवत नाही.”

ताईने फोटो उघडला. एकदा चुकीच्या जागी दाबलं गेलं. मग वेबसाइटने विचारलं, नक्की? तिने हो दाबलं. चौकट रिकामी झाली. तिने ठकीकडे बघून मान हलवली.

“गेला का?” बाईने विचारलं.

ठकीने क्षणभर डोळे मिटले. “आमच्याकडून गेला,” ती म्हणाली. “बाहेर कुणी नेऊन ठेवला असेल तर ते आम्ही शोधतोय. आत्ता शोधतोय. आमचे मास्तर बसलेत संगणकावर. तुम्ही थांबा. मी आहे फोनवर.”

मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला आणि शोध सुरू केला. ताई त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पलीकडून बाई काही बोलली नाही. पण तिने फोनही ठेवला नाही.